कोणाच्या पोराला पोर म्हणायचं?

फ्रीमाँट, कॅलिफोर्निया

चि. निनाद,

तुझं पत्र वाचलं आणि लगेच उत्तराला बसले. तू चिडून लिहिलं आहेस, आणि चिडावं असंच ते आहे. मे २०२४ मध्ये पुण्यात कल्याणीनगरला भरधाव मोटारीच्या धडकेत दोन तरुण इंजिनिअर गेले. गाडी चालवणारा पोरगा सतरा वर्षांचा, घरचा गडगंज. बाल न्याय मंडळाने काही तासांत त्याला जामीन दिला आणि अपघातांवर तीनशे शब्दांचा निबंध लिहायला सांगितला. तू विचारतोस, "मावशी, तुमच्याकडे मुलांच्या न्यायात सुधारणा म्हणतात ती हीच ना? मग सोळाच्या पुढच्या सगळ्यांना सरळ मोठ्यांच्या कोर्टात उभं केलं तर काय बिघडलं?"

काय बिघडतं ते सांगते. त्यासाठी तुला माझ्याबरोबर ओकलंडला यावं लागेल.

फ्रीमाँट आणि ओकलंड एकाच अलामेडा काउंटीत येतात. गाडीने फार तर पाऊण तास. फ्रीमाँट, डब्लिन, प्लेझंटन या भागात आपली मराठी माणसं भरपूर आहेत. गणपती बसतात, मराठी शाळा भरते, दिवाळी अंक वाचले जातात. पण ओकलंड म्हटलं की आमच्यातले बहुतेक जण एवढंच सांगतील की तिथे गाडीत बॅग ठेवू नका, काच फोडतात. गंमत बघ, आमच्या मुलांना कधी पोलिसांनी धरलंच तर त्यांची आणि ओकलंडच्या मुलांची कोर्टं एकच, आणि सॅन लिआंड्रोच्या टेकडीवरचा ज्युवेनाईल हॉलही एकच. तरी तिथे जाणारी मुलं एकसारखी नसतात. आमच्या मंडळींपैकी कोणाच्या मुलाकडे दप्तरात गांजा सापडला, तर शाळा आईबापांना फोन करते, समुपदेशक गाठून देते, वकील मिळतो, आणि चार महिन्यांत विषय संपतो. संपावाच. सोळाव्या वर्षी केलेल्या चुकीचं ओझं त्याने साठीपर्यंत का वाहावं? पण तोच गांजा पश्चिम ओकलंडच्या कृष्णवर्णीय मुलाकडे सापडला, तर त्याच्या वाट्याला बेड्या येण्याची शक्यता कितीतरी जास्त असते. एकाच वयाची दोन मुलं, एकाच काउंटीचा कायदा.

मला जे सांगायचं आहे ते एवढंच आहे, निनाद. मुलाला मूल म्हणून वागवण्याची रीत जगात नवी नाही. श्रीमंताच्या, वजनदार बापाच्या, 'आपल्यातल्या' पोराला ती नेहमीच मिळत आली आहे. ओकलंडची माणसं जे मागत होती ते हेच, की ती रीत आमच्याही पोरांना लागू करा.

हे कोणाच्या मनातलं गाऱ्हाणं आहे असं समजू नकोस. फिलिप गॉफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. माणसांना मुलांचे फोटो दाखवायचे, त्यांनी काय केलं असा आरोप आहे ते सांगायचं आणि वय ओळखायला लावायचं. गंभीर गुन्ह्याचा आरोप असलेली कृष्णवर्णीय मुलं लोकांना सरासरी साडेचार वर्षांनी मोठी वाटली. म्हणजे तेरा-साडेतेरा वर्षांचा पोरगा बघणाऱ्याच्या डोळ्यांत अठराचा बाप्या झाला. त्याच वर्षी अमेरिकेच्या शिक्षण खात्याने देशभरच्या बालवाड्यांचे आकडे छापले. बालवाड्यांत कृष्णवर्णीय मुलं १८ टक्के, आणि एकाहून जास्त वेळा शाळेतून सस्पेंड झालेल्या मुलांत ४८ टक्के. बालवाडी म्हणते आहे मी, निनाद. तीन-चार वर्षांची लेकरं, ज्यांना चपलेचा डावा-उजवा पाय कळत नाही.

हे असं झालं कसं? १९९४ मध्ये काँग्रेसने कायदा केला की शाळेत बंदूक आणणाऱ्या मुलाला वर्षभर बाहेर काढायचं. बंदुकीपुरतं ते समजण्यासारखं होतं. पण हळूहळू शाळांनी तोच खाक्या मारामारीला, उलट उत्तराला, उशिरा येण्याला लावला. १९९५ मध्ये जॉन डिइलिओ नावाच्या प्राध्यापकाने भाकीत केलं की निर्दय, नरभक्षक म्हणावी अशी पोरांची पिढी येते आहे. वर्तमानपत्रांनी ते डोक्यावर घेतलं, राजकारण्यांनी कायदे केले. कॅलिफोर्नियात २००० साली लोकांनी मतदान करून सरकारी वकिलांना अधिकार दिला की चौदा वर्षांच्या पोरावरही, न्यायाधीशाला न विचारता, मोठ्यांच्या कोर्टात खटला भरता येईल. प्रत्यक्षात तोवर मुलांचे गुन्हे कमी व्हायला लागले होते, आणि कमीच होत गेले. डिइलिओनी पुढे २०१२ मध्ये सर्वोच्च न्यायालयापुढच्या मिलर खटल्यात इतर तज्ज्ञांबरोबर सही करून सांगितलं की ते भाकीत खोटं ठरलं. तो कायदा मात्र २०१६ पर्यंत राहिला. सोळा वर्षं! त्या सोळा वर्षांत ज्यांचं मूलपण गेलं त्यांना ते कोण परत देणार?

तू मला मोठ्यांच्या कोर्टाबद्दल विचारलंस म्हणून हे आधी सांगितलं. रागाच्या भरात केलेला कायदा ज्याच्यासाठी केला त्याला क्वचितच लागतो. गडगंज बापाचा वकील त्यातून वाट काढतो. सापडतो तो ज्याच्यासाठी कोर्टात कोणी उभं राहत नाही तो.

आता ओकलंडचं सांगते. या गावाचा आणि आपला संबंध तुला वाटतो त्याहून जवळचा आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ मध्ये 'गुलामगिरी' अमेरिकेत गुलामी नष्ट करण्यासाठी झटलेल्या लोकांना अर्पण केली, हे तुला माहीत आहे. १९७२ मध्ये मुंबईत नामदेव ढसाळ, राजा ढाले, ज. वि. पवार या तरुणांनी दलित पँथर काढली, तेव्हा नाव घेतलं ते ओकलंडच्या ब्लॅक पँथर पक्षाचं. हा पक्ष इथे १९६६ मध्ये स्थापन झाला. काळी जाकिटं, बंदुका, घोषणा, हे सगळ्यांना आठवतं. जानेवारी १९६९ मध्ये याच पँथर्सनी पश्चिम ओकलंडच्या सेंट ऑगस्टीन चर्चमध्ये शाळेला जाण्याआधी मुलांना फुकट न्याहारी द्यायला सुरुवात केली, हे फार थोड्यांना आठवतं. उपाशी पोराला गणित येत नाही, इतकं साधं कारण. सरकारची शालेय न्याहारी योजना देशभर कायमची झाली ती १९७५ मध्ये.

पुढे त्यांनी पूर्व ओकलंडमध्ये स्वतःची शाळा चालवली, ओकलंड कम्युनिटी स्कूल, १९७३ ते १९८२. एरिका हगिन्स बराच काळ तिच्या संचालक होत्या. त्या शाळेतली एक गोष्ट मला फार मोलाची वाटते. एखाद्या मुलाने खोडी काढली, कोणाला मारलं, तर त्याचा निवाडा मुलांचंच एक न्यायमंडळ करायचं. दहा-अकरा वर्षांची मुलं बसून ठरवायची की ज्याचं नुकसान झालं त्याला काय हवं आणि ज्याने केलं त्याने काय करावं. शाळा पैशांअभावी आणि पक्षाच्या अंतर्गत भांडणांत बंद पडली. पण तिथे जे रुजलं ते पुढे पुन्हा उगवलं, असं मला वाटतं. पुरावा मागू नकोस, हा माझा समज आहे.

दुसऱ्या बाजूने काय चाललं होतं बघ. ओकलंडच्या शाळा-जिल्ह्याचं स्वतःचं पोलीस खातं होतं. शाळेचे पोलीस म्हणजे गेटवर बसणारा शिपाई नव्हे, पिस्तूल लावलेला, अटक करणारा पोलीस. जानेवारी २०११ मध्ये स्कायलाइन हायस्कूलमध्ये नृत्याचा कार्यक्रम चालू असताना बाहेर या शाळा-पोलिसांच्या गोळ्यांनी राहीम ब्राऊन हा वीस वर्षांचा मुलगा गेला. कोणावरही फौजदारी खटला झाला नाही. ब्लॅक ऑर्गनायझिंग प्रोजेक्ट नावाची संस्था तेव्हा नुकतीच उभी राहत होती. त्यांनी ठरवलं की शाळांतून पोलीस खातंच जायला हवं.

लोक हसले असतील. पण त्यांनी काय केलं ते बघ, कारण तू कायद्याचा विद्यार्थी आहेस आणि तुम्हाला निकालपत्रं वाचायची सवय असते, त्यामागची वर्षं दिसत नाहीत. त्यांनी आधी आकडे मागितले. कोणाला अटक होते, कशासाठी, कुठल्या शाळेत? शाळांत कृष्णवर्णीय मुलं ३० टक्क्यांच्या आसपास, आणि शाळा-पोलिसांनी केलेल्या अटकांत ७० टक्क्यांहून जास्त. २०१३ मध्ये त्यांनी दोन वकील संस्थांबरोबर हे सगळं अहवालात मांडलं. त्याआधी, शाळा-पोलिसांविरुद्ध तक्रार कशी करायची याची रीतसर पद्धतच नव्हती, ती करून घेतली. मग कॅलिफोर्नियाच्या शिक्षण संहितेतलं कलम ४८९००, पोटकलम 'के' धरलं. त्यात शिक्षकाच्या अधिकाराला जाणूनबुजून न जुमानणं हे सस्पेंड करायला पुरेसं कारण होतं. न जुमानणं म्हणजे काय? टोपी न काढणं, डोळे फिरवणं, 'का?' विचारणं, काहीही. आणि ज्याच्या मनात मूल आधीच गुन्हेगार ठरलेलं आहे त्याला ते कशातही दिसतं. २०१५ मध्ये ओकलंडच्या स्कूल बोर्डाने ठराव केला की या कारणावरून कोणालाही सस्पेंड करायचं नाही.

शाळेत पोलीस नको, हे मात्र कोणी ऐकत नव्हतं. स्कूल बोर्डाच्या सभा संध्याकाळी सुरू होतात आणि मध्यरात्रीपर्यंत चालतात. नागरिकाला बोलायला एक-दोन मिनिटं. आया कामावरून थेट यायच्या, मुलं गृहपाठ मांडीवर घेऊन बसायची, आणि आपली पाळी आली की त्या दोन मिनिटांत तेच सांगायची जे मागच्या महिन्यात सांगितलं होतं. असं वर्षानुवर्षं. २०१९ मध्ये त्यांनी पोलीस नसलेली शाळा कशी चालेल याचा आराखडा लिहून दिला: भांडण झालं तर कोणाला बोलवायचं, समुपदेशक किती, कोण कुठे उभं राहील. मे २०२० मध्ये मिनिआपोलिसला पोलिसांनी जॉर्ज फ्लॉइडला मारलं आणि सारा देश रस्त्यावर आला, तेव्हा बाकीच्या गावांकडे घोषणा होत्या, ओकलंडच्या आयांकडे आराखडा तयार होता. २४ जून २०२० ला बोर्डाने एकमताने ठराव केला आणि शाळांचं पोलीस खातं बरखास्त केलं. ठरावाला फ्लॉइडचं नाव दिलं. राहीम ब्राऊनला जाऊन तेव्हा नऊ वर्षं झाली होती.

पोलीस काढले, मग त्या जागी काय? इथे दुसऱ्या एका बाईंचं नाव सांगायला हवं. फॅनिया डेव्हिस. प्रसिद्ध कार्यकर्त्या अँजेला डेव्हिसची धाकटी बहीण. दोघी अलाबामातल्या बर्मिंगहॅमच्या. १९६३ मध्ये तिथल्या चर्चमध्ये गोऱ्या वर्णद्वेष्ट्यांनी बाँब लावून चार मुली मारल्या, त्यातल्या दोघी फॅनियाच्या जवळच्या मैत्रिणी. मोठी होऊन ती नागरी हक्कांची वकील झाली, वर्षानुवर्षं कोर्टात लढली, आणि मग तिला वाटू लागलं की नुसत्या लढण्याने ना माणसं बरी होतात ना आपण. २००५ मध्ये तिने ओकलंडमध्ये मुलांसाठी एक संस्था काढली आणि पुढे पश्चिम ओकलंडच्या कोल मिडल स्कूलमध्ये काम सुरू झालं. न्यूझीलंडमधल्या माओरी लोकांच्या रीतीवरून तिथे १९८९ मध्ये मुलांच्या न्यायाचा कायदाच बदलला होता. त्या आणि इतर आदिवासी परंपरांचा तिने आधार घेतला. मुलांना गोल बसवायचं. मधे एखादी वस्तू, ती ज्याच्या हातात तोच बोलणार. काय झालं? तेव्हा तुझ्या मनात काय होतं? कोणाला झळ बसली? आता नीट करायला काय लागेल? कोल शाळेतली सस्पेन्शन ८७ टक्क्यांनी खाली आली. २०१० मध्ये जिल्ह्याने ही पद्धत धोरण म्हणून स्वीकारली.

त्याच वर्षी ओकलंडने कृष्णवर्णीय मुलग्यांसाठी वेगळा विभाग सुरू केला. क्रिस्टोफर चॅटमन त्याचे प्रमुख. हायस्कूलमध्ये रोज एक तास, शिकवणारा कृष्णवर्णीय पुरुष शिक्षक, विषय आपला इतिहास आणि आपल्या आयुष्याचं काय करायचं. स्टॅनफर्डच्या थॉमस डी यांनी एका सहकारी संशोधिकेबरोबर नंतर तपासलं, तर हा वर्ग ज्या शाळांत होता तिथे कृष्णवर्णीय मुलग्यांची गळती ४३ टक्क्यांनी कमी झालेली आढळली. शाळेत टिकलेला पोरगा कोर्टात जायची शक्यता कमी. न्यायाची सुधारणा इथून सुरू होते, निनाद, न्यायाधीशासमोर मूल उभं राहतं तोवर निम्मं काम बिघडलेलं असतं.

आता तुझ्या मुख्य प्रश्नाकडे येते: ज्याने खरंच गुन्हा केला आहे त्याचं काय?

अलामेडा काउंटीत गेली काही वर्षं असं चालतं की मुलाने चोरी, घरफोडी, मारहाण असा गुन्हा केला, तर आरोपपत्राआधीच प्रकरण एका सामाजिक संस्थेकडे देता येतं. सगळी प्रकरणं नाहीत, आणि ज्याचं नुकसान झालं त्याची तयारी हवी. ही रीत इथे रुजवणाऱ्यांत सुजाता बलिगा यांचं नाव आधी घ्यावं लागेल. भारतातून आलेल्या आईबापांची मुलगी, आधी आरोपींची सरकारी वकील, २०१९ मध्ये मॅकआर्थर फेलोशिप मिळालेली. अशा एका बैठकीला मी समाजाच्या वतीने बसले होते. तिथलं बाहेर सांगायचं नसतं, म्हणून ओळख पटेल असं सगळं बदलून लिहिते.

पंधरा वर्षांचा पोरगा. मित्रांबरोबर गाडी पळवली, दुसऱ्या दिवशी ठोकली. समोर गाडीची मालकीण, रात्रपाळीला इस्पितळात सफाईचं काम करणारी बाई. पोराची आजी शेजारी, पर्स दोन्ही हातांनी धरून. बैठक घडवून आणणारी बाई त्याआधी कित्येक आठवडे प्रत्येकाला वेगवेगळी भेटली होती. पोरगा आधी बोलला, खाली मान घालून, पाठ केल्यासारखं. मग त्या बाईंनी गाडीच्या किमतीबद्दल काहीच विचारलं नाही. त्यांनी विचारलं, "मागच्या सीटवर माझ्या मुलीचं दप्तर होतं. ते कुठे टाकलंस?"

त्याने पहिल्यांदा वर पाहिलं. फ्रीवेवर खिडकीतून फेकलं होतं. त्याला वाटलं रिकामं आहे. त्यात तिची चित्रांची वही होती, दोन वर्षांची चित्रं. बाई सांगत होत्या की गाडीचे पैसे विम्यातून थोडे तरी येतील, पण मुलगी अजून विचारते की वही कधी सापडेल, आणि कामाला जायला दोन बसेस बदलाव्या लागतात म्हणून तिला झोपवायला मी घरी नसते. पोरगा रडायला लागला, आजीही. कोणी त्यांना थांबवलं नाही, कोणी "जाऊ दे" म्हणालं नाही.

मग भिंतीवर कागद लावून चार भागांत ठरलं: त्या बाईंसाठी काय करायचं, स्वतःच्या घरच्यांसाठी काय, वस्तीसाठी काय, आणि स्वतःसाठी काय. मामाच्या गॅरेजवर शनिवारी काम करून पैसे फेडायचे, आजीला रोज रात्री कळवायचं की मी कुठे आहे, शाळेत परत जायचं. बाईंना आणखी एक हवं होतं, त्याने मुलीला स्वतः येऊन सांगावं. तेव्हा बैठक घडवून आणणारी बाई म्हणाली, आधी मुलीला विचारू या तिला चालेल का. एवढी काळजी. ते सगळं पार पडलं तर आरोपपत्र दाखल होत नाही. २०१७ मध्ये या कामाचा अभ्यास झाला. बैठकीची वाट पूर्ण केलेल्या मुलांपैकी वर्षभरात पुन्हा दोषी ठरली १८.४ टक्के, तशाच पण कोर्टातून गेलेल्या मुलांत ३२.१ टक्के.

आता तो निबंध आठव. तीनशे शब्द कोणासाठी लिहायचे होते? ज्यांची मुलं गेली त्या आईबापांना कोणी विचारलं, तुम्हाला काय हवं? त्या पोराला त्यांच्यासमोर बसावं लागलं? काय केलं ते स्वतःच्या तोंडाने सांगावं लागलं? यातलं काहीच न करता त्याला सौम्यता मिळाली, कारण ती त्याच्या घराला सगळीकडेच मिळते. मी ज्या सुधारणेबद्दल लिहिते आहे तिचा आणि या निबंधाचा काडीचा संबंध नाही. गॅरेजवर शनिवार घालवणाऱ्या त्या पोराला तुरुंगातली भिंत सोपी गेली असती, असं मला त्याच्या चेहऱ्याकडे बघून वाटलं होतं.

तुरुंगाचंही सांगते. कॅलिफोर्नियाच्या राज्यस्तरीय मुलांच्या तुरुंगांत १९९६ च्या सुमारास दहा हजार मुलं होती. मारहाण, चोवीसपैकी तेवीस तास कोठडी, आत्महत्या. ओकलंडच्या एला बेकर सेंटर या संस्थेने कैदेतल्या मुलांच्या आईबापांना एकत्र केलं. या आया बसने राजधानीला, सॅक्रामेंटोला, जायच्या आणि आमदारांच्या दारात मुलांचे फोटो घेऊन उभ्या राहायच्या. एक एक तुरुंग बंद होत गेला. २०२० मध्ये कायदा झाला आणि ३० जून २०२३ ला राज्याचं ते खातंच बंद झालं. आता मुलं आपापल्या काउंटीत ठेवतात. तिथेही सगळं आलबेल नाही, पण आई भेटायला जाऊ शकते.

तुला सगळं गोड करून सांगणार नाही. मार्च २०१९ मध्ये ओकलंडच्या शाळा-जिल्ह्याकडे पैसे नव्हते तेव्हा या गोल बसण्याच्या कामावरच कात्री चालली. पिट्सबर्गमध्ये रँड संस्थेने ४४ शाळांत नीट तुलना करून पाहिलं: सस्पेन्शन कमी झाली, गोरे-काळे यांतला फरकही कमी झाला, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले. म्हणजे शिक्षकाच्या डोक्यावर आधीच सतरा कामं असताना अठरावं टाकून चालत नाही, त्याला वेगळा माणूस, वेगळा पगार हवा, असा मी त्याचा अर्थ लावते. सप्टेंबर २०२२ मध्ये ओकलंडच्याच एका शाळा-आवारात गोळीबार झाला, सहा मोठी माणसं जखमी झाली, आणि साहजिकच काही पालक म्हणाले, पोलीस परत आणा. घाबरलेल्या आईला मी काय चूक म्हणणार? पण शाळेचे पोलीस असतानाही गावात गोळ्या चालतच होत्या, आणि अटका मात्र बहुतेक कृष्णवर्णीय पोरांच्याच होत होत्या.

पुण्यात तू काय करशील ते तू ठरव. मला ठाऊक आहे ते एवढंच: २०१५ चा बाल न्याय कायदा तुमच्याकडे आहे, त्याचं कलम ३ आणि कलम १८ पुन्हा वाच. समज देणं, समुपदेशन, समाजसेवा, देखरेखीखाली घरी पाठवणं, सगळं त्यात आहे. कलम १५ कडेच सगळ्यांचे डोळे असतात, कारण मोठ्यांच्या कोर्टाचा दरवाजा तिथे आहे. तो दरवाजा आणखी रुंद करा म्हणून सही मागायला कोणी आलं, तर सही करण्याआधी विचार की आत्ता त्यातून कोणाची पोरं आत ढकलली जातात. पारध्यांना जन्मतः गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, तरी गावात चोरी झाली की आजही पोलीस आधी कुठल्या पालावर जातात हे तुझ्या आजोबांनाही ठाऊक होतं आणि तुलाही आहे.

म्हणून या सुट्टीत एक काम कर. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जाऊन नाव दे आणि येरवड्याच्या निरीक्षणगृहातल्या ज्या मुलांना वकील नाही त्यांच्या कामात मदत माग. मंडळापुढे बसायला मिळालं तर बस. कोणाची प्रकरणं किती दिवसांत निघतात, कोणाची महिनोन्महिने पडून राहतात, कोणाचे आईबाप तारखेला येतात आणि कोणाचे येऊ शकत नाहीत, कारण दिवसाचा रोज बुडतो, हे वहीत लिहीत जा. नाव-गाव लिहू नकोस, बाकी सगळं लिही. ओकलंडच्या आयांनी सुरुवात आकड्यांपासूनच केली होती. तुझी वही भरली की मला कळव, मी वाचायला उत्सुक आहे.

ताईला नमस्कार सांग.

तुझी,
मावशी